दोन सीटांची गाडी आणि धोंड्याचं वाण

चौसाळ्याहून चकलांब्याला जायचं तर उन्हाच्या आत निघ, असं आईनं बजावलं होतं. मी वेळेवर तयारही झालो होतो. पण गाडीभोवती जमलेल्या मंडळींना टप (छप्पर) कुठं गेला हे समजावून सांगता सांगता ऊन चांगलं डोक्यावर आलं.

टप माझ्या गाडीला आहे. कापडी आहे, दोन खटके काढले की मागं घडी होऊन बसतो. पण आमच्या बीड जिल्ह्यात गाडीला टप असतोच, आणि तो दिसत नसेल तर काहीतरी वाईट घडलेलं असणार, अशी लोकांची पक्की समजूत. "कुठं उलटली?" हा पहिला प्रश्न. "मानसं वाचली का?" हा दुसरा. समोरच्या किराणा दुकानदारानं तर मला मान दोन्हीकडं वळवून दाखवायला लावली, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

निवृत्त झाल्यावर कुणी देवदर्शनाला निघतं, कुणी बागकाम करतं. मी ही गाडी घेतली. जुनी, परदेशी बनावटीची, कैरीच्या रंगाची आणि बरोबर दोन माणसांची. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. बसताना काही वाटत नाही, उठताना मात्र कुणीतरी हात द्यावा लागतो. डिक्कीत एक पिशवी मावते, तीही मऊ असली तर. पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक मी तिला तिरकी करून, श्वास रोखून पार करतो. शेजारची सीट बहुधा रिकामीच असते. गाडी घेतल्यापासून तिच्या स्टेअरिंगला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, हे मी येईल त्या पाहुण्याला ऐकवत असे.

आता या गाडीचं चौसाळ्यात काय काम, ते सांगतो. यंदा भर उन्हाळ्यात अधिक महिना आला. हा साधारण तीन वर्षांनी येतो, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला जोडीनं जेवायला बोलावतात, धोंडे (कणकेत पुरण भरून केलेले उंडे) वाढतात आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. जावई म्हातारा झाला म्हणून यातून सुटत नाही. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, सत्तरीला आलेत. चकलांब्यात त्यांची मोठी शेती आहे, एके काळी ते गावचे सरपंच होते, स्वतः जीप चालवत फिरायचे. मागच्या धोंड्याला आमच्या दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, त्यांना मोबाइलवर मेसेज टाकून आमंत्रण दिलं. मेसेजात गुलाबाच्या फुलांचं चित्र होतं. जावयाला न्यायला माणूस यावा लागतो, गाडी घेऊन. गुलाबाचं फूल चालत नाही. दाजी रुसले ते रुसलेच, आणि ते येईनात म्हणून आक्काचंही माहेरी येणं बंद झालं.

आई शहाऐंशीची आहे. महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा तिनं मला पुण्याहून बोलावून घेतलं. अनारसे तळून डब्यात तयार होते. "पुढला धोंडा काही मला दिसायचा न्हाई," ती म्हणाली. "ह्या खेपेला जावाई आला पायजे. लेक तोंड दाखवून गेली पायजे." दादाच्या सात माणसांच्या गाडीत दाजी पाय ठेवणार नव्हते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. "तुझी गाडी हाय की, घेऊन जा," दादा आतूनच म्हणाला.

तिला सीटा किती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन खेपा करू, आधी दाजींना आणू, मग आक्काला, असा माझा बेत होता. पुण्यात फार वर्षं राहिलं की डोकं असं सोयीचं चालायला लागतं.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना बालाघाटचे डोंगर दोन्ही अंगांना उघडे पडले होते. उतारावर सीताफळीची झुडपं, त्यांच्यावर धुळीचा थर. उघड्या गाडीतून हा घाट उतरायची माझी फार दिवसांची इच्छा होती. वारा चांगला होता, पण तो भट्टीकडून यावा तसा येत होता. शिवाय ही गाडी इतकी खाली बसते की शेजारनं ट्रक चालला की माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्याच्या चाकाचे नट. एका ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून वाकून बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. "मामा," तो वरून ओरडला, "डोक्यावर कायतरी घ्या की." मी टॉवेल बांधला. त्यानं अंगठा दाखवला आणि ट्रक पुढं गेला.

घाट संपल्यावर नांगरून ठेवलेली काळी रानं लागली आणि त्यांतून एक वावटळ रस्त्यावर आली. बाकीच्या गाड्यांनी काचा वर केल्या. मी तोंड मिटलं. ती गेल्यावर माझ्याजवळ मूठभर कडबा, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं पाकीट एवढा ऐवज जमा झाला होता.

बीडला स्टँडजवळ फळांच्या गाड्यापाशी थांबलो. ताडपत्रीच्या सावलीत एक चाचा कलिंगडांना टिचक्या मारत बसले होते. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला.

"कुठं निघाली सवारी?"

"चकलांब्याला. जावयाला न्यायला."

"आन् रिकाम्या हातानं?" त्यांनी चांगलं दणदणीत कलिंगड निवडलं. डिक्कीत ते गेलं नाही. पायाशी ठेवलं तर गडगडत होतं. शेवटी चाचांनी ते स्वतःच्या हातानं शेजारच्या सीटवर बसवलं. गाडीला वाटलं माणूसच बसला. तिनं पट्ट्यासाठी टुंग टुंग सुरू केलं.

"बांधा त्याला," चाचा गंभीरपणे म्हणाले. "शहरातली गाडी हाय, कायद्यानं चालती." पट्टा लावल्यावर गाडी गप्प झाली. पुढचा सगळा रस्ता मी आणि कलिंगड शेजारी शेजारी बसून गेलो.

पाडळशिंगीला हमरस्ता सोडून मादळमोहीच्या अंगाला वळलो. पुढं लहान रस्त्याला लागल्यावर गतिरोधकांचं राज्य सुरू झालं. गावागावाला तर ते आहेतच, पण ज्याच्या दारापुढून रस्ता जातो त्यानंही आपापल्या ऐपतीनं एक घातलेला. अशाच एकावर माझी गाडी पोटावर टेकली. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, मधे आम्ही दोघं. पारावर बसलेले चार-पाच जण उठून आले. कुणी काही विचारलं नाही. दोघांनी पुढून, दोघांनी मागून धरली आणि मी आत बसलेला असताना गाडी उचलून पलीकडं ठेवली, घरात कपाट सरकवावं तशी. "हलकी हाय," एक जण हात झटकत म्हणाला. त्यांना मी चहा पाजतो म्हणालो, तर त्यांनीच मला पाजला.

चकलांब्याला पोचलो तेव्हा दाजी अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा नेहरू शर्ट, धोतर, टोपी. अंगणातल्या तयारीवरून दिसत होतं की न्यायला कुणीतरी येणार ही बातमी आधीच पोचली होती. शेजारपाजारची मंडळीही सहज आल्यासारखी येऊन बसली होती. दाजींनी गाडीला एक फेरी मारली. शेजारच्या सीटपाशी थांबले.

"पाव्हणं, ह्ये कोन बसलंय?"

"कलिंगड आहे, दाजी. तुमच्यासाठी."

"मंजी जावयाच्या जागी आदीच पाव्हणा बसवून आनलाव." ते परत बाजेवर जाऊन बसले. "आन् ह्याच्या मागं कोन बसनार?"

मागं काही नव्हतंच. मी माझा दोन खेपांचा बेत सांगितला. सांगता सांगताच मला त्यातली चूक कळायला लागली होती, पण तोंड थांबेना.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "वाण जोडीनं घ्यायचं," ते म्हणाले, "आन् जोडी हप्त्याहप्त्यानं न्यायची? एक भाऊ मेसेज धाडतो. दुसरा एकच शीट घेऊन येतो. जा म्हनावं, तुमी जावाई इसरले." आणि त्यांनी बाजेवर आडवं होऊन तोंड भिंतीकडं केलं.

आई दारात बसलेली असणार, तिला जाऊन काय सांगू? दाजी स्वतःच्या वाहनानं येणं शक्य नव्हतं. जावई आपणहून सासुरवाडीला गेला तर न बोलावता गेला असा अर्थ होतो. गल्लीतली मंडळी तोडगे काढायला लागली. कुणी म्हणालं, वहिनींना मागं डिक्कीवर बसवा, कठडा धरून बसतील. कुणी म्हणालं, मागं ट्रॅक्टरची ट्रॉली लावा.

"कावून रे," दुसरा म्हणाला, "पाव्हण्याच्या गाडीनं ट्रॉली वढायची का? फाटल ती."

तेवढ्यात आक्का बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली, हातात पिशवी. ती सकाळपासूनच तयार होऊन बसली होती हे त्या पिशवीकडं पाहूनच कळत होतं. तिनं कुणाकडं न बघता दाजींच्या पाठीला उद्देशून बोलायला सुरुवात केली.

"न्यायला मानूस आलाय ना? आलाय. गाडी आलीय ना? आलीय. आता मानसानं गाडीतच बसावं असं कुनी सांगितलंय? तुमी चालवा. बाळ्या यिल यष्टीनं."

बाळ्या म्हणजे मी. दाजींनी हळूच कूस बदलली. "मी?"

"जीप कोन चालवीत व्हतं मंग?"

दाजी उठून बसले. या वेळी त्यांनी गाडीकडं पाहिलं ते वेगळ्या नजरेनं. रुसलेल्या जावयाच्या नव्हे. मी घाईघाईनं म्हणालो, "दाजी, हिचा क्लच जरा नाजूक आहे, आणि गिअर..." आक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी ताटात भाजी टाकली की ती असंच बघायची. मी खिशातून चावी काढली. खरं सांगतो, देताना जिवावर आलं होतं.

दाजी आत शिरले, म्हणजे आधी बसले आणि मग पाय एकेक करून आत घेतले. मी कलिंगडाचा पट्टा सोडला. आक्का मात्र जागेवर नव्हती. ती पिशवी घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला गेली होती, तिथून दुसऱ्या बाजूला, तिथून परत. काहीतरी शोधत होती.

"बाळ्या, मागलं दार कुठं हाय?"

लग्न झाल्यापासून आक्का कुठल्याही वाहनात मागंच बसत आलीय. जीपमध्ये पुढं दाजी आणि त्यांच्या शेजारी गावातलं कुणीतरी मोठं माणूस. मागं आक्का, पोरं, पिशव्या, बी-बियाण्याची पोती. लग्नाला जाताना तेच, दवाखान्यात जाताना तेच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

"आक्का, हिला मागचं दार नाही," मी म्हणालो. "मागं काहीच नाही."

"मंग मी कुठं बसू?"

"म्होरं बस की," दाजी म्हणाले. "दुसरी जागाच न्हाई."

ती बसली. पदर कानामागून घट्ट खोचला, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिली. काचेतून रस्ता एवढा मोठा दिसतो हे तिला नवीन असावं. दाजींनी गाडी चालू केली. ती एक उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मात्र ती अशी निघाली की गल्लीतल्या कोंबड्या घरांत शिरल्या. कोपऱ्यावर दाजींची टोपी उडाली. ते थांबले नाहीत.

टोपी कुणीतरी मला आणून दिली. तेव्हा चकलांब्याहून एसटीनं मी परत निघालो तो एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात कलिंगड घेऊन. कंडक्टरनं कलिंगडाकडं पाहून "ह्यो फुल का हाफ?" असं विचारलं, सगळी गाडी हसली, मीही हसलो. पण लक्ष खिडकीबाहेर होतं. गेवराईत उतरून दाजींना फोन लावला, वाजत राहिला. बीडला उतरून लावला, वाजत राहिला. वाऱ्यात ऐकू येत नसेल, अशी स्वतःची समजूत घालून चौसाळ्याच्या गाडीत बसलो.

चौसाळ्यात उतरलो तर दारात आई होती आणि गाडी नव्हती. ते माझ्या कितीतरी आधी निघाले होते. "जावाई कुठंत?" आईनं विचारलं. मी खरं तेच सांगितलं. दादा म्हणाला, "वाणात गाडीच गेली समज." आईनं पाट मांडलेले, रांगोळी काढलेली, अनारशांचं ताट झाकून ठेवलेलं. ती उंबऱ्यावर बसली आणि हमरस्त्याकडं बघत राहिली. ट्रक जायचा, तिची मान ट्रकबरोबर फिरायची. मला गाडीची काळजी वाटत होती की त्या दोघांची, असं कुणी विचारलं असतं तर सुरुवातीला मी गाडीची म्हणालो असतो. ऊन उतरायला लागलं तसं ते बदललं. काही बरंवाईट झालं असेल तर, या विचारानं मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

दिवेलागणीला गाडी आली. आणि आली ती बीडकडून नव्हे, उलट्या बाजूनं, येरमाळ्याकडून.

दाजींचं नाक लाल, डोक्याला आक्काची ओढणीवजा शाल गुंडाळलेली. आक्काचं सगळं तोंड धुळीनं भरलेलं आणि आवाज पार बसलेला. गाडीच्या कडेला एक लांबलचक ओरखडा होता. मी तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

दादा दार उघडायला पुढं झाला. आधी कुणाला सुचलं नव्हतं, पण त्या गाडीतल्या माणसाला दार उघडून द्यायचं तर जमिनीपर्यंत वाकावं लागतं. दादा कमरेत वाकला, आणखी वाकला, शेवटी गुडघ्यावर आला. दाजी आत बसून हे बघत होते. त्यांनी दादाला तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग दोन्ही हात पुढं केले.

"वढ जरा," ते म्हणाले. "उठाया येईना."

मागच्या धोंड्यापासून ते दादाशी बोललेले हे पहिले शब्द. दादानं ओढलं, आणि बराच वेळ दोघांनी एकमेकांचे हात सोडले नाहीत.

"एवढा वेळ कुठं होता तुम्ही?" मी आक्काला विचारलं.

"चौसाळा कवा गेलं कळलंच न्हाई," ती बसक्या आवाजात म्हणाली. "बोलत बोलत येरमाळ्याच्या घाटापत्तूर गेलतो."

"काय बोलत होता एवढं?"

"कायबी न्हाई. शेताचं, पोरांचं." तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "मागं कोनीच न्हवतं ना. मग एकमेकालाच बोलावं लागतं. आन् त्या वाऱ्यात वरडल्याबिगर ऐकू येत न्हाई."

आईनं दोघांना पाटावर बसवलं. दाजींनी शाल काढायची राहूनच गेली. आईनं अनारशांचं ताट वर दिवा ठेवून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा दाजींनी खालून ताटाला आधार दिला आणि आक्कानं दाजींच्या हाताला. धोंड्यांवर तूप वाढलं गेलं. कलिंगड कापलं, ते आतून गुलाबीसुद्धा नव्हतं, पण सगळ्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं त्याची मोठी गाडी धुऊन दारात उभी केली. दाजी नको म्हणाले. "यष्टीत दोघांची शीट असती," ते म्हणाले, "आमी जातो." निघताना ते आईच्या पाया पडले.

"मामी, पुढल्या धोंड्याला न्यायला कुनाला धाडू नका. मेसेज बी नको. आमी दोघंच यिऊ."

ज्या माणसानं एका आमंत्रणावरून एवढी वर्षं घर तोडलं होतं तो हे बोलत होता. आईनं बोटांवर वर्षं मोजली आणि मान हलवली. "मंग मला तवर बसावं लागंल की."

"बसा की," दाजी म्हणाले.

मी जामखेडच्या रस्त्यानं पुण्याला निघालो. ऊन तेच होतं, लोकांचे प्रश्नही तेच होते. वाटेत मी पुष्कळ विचार केला. दादाच्या गाडीनं ते आले असते तर दाजी पुढं बसले असते, आक्का मागं बसली असती, वाण झालं असतं, मान राखला गेला असता आणि पुढच्या वेळी कोण न्यायला येतंय याची वाट बघत दाजी पुन्हा बाजेवर बसले असते. माझ्या गाडीत एवढी जागाच नव्हती. ओरखडा अजून काढलेला नाही. काढायचा आहे, पण मन होत नाही.

परवा दादाचा फोन आला होता. आई अलीकडं औषधाच्या गोळ्या घ्यायला कुरकुर करायची, आता न सांगता घेते म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणंसुद्धा करते, काठी घेऊन, रोज. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, मला जावयानं बसायला सांगितलंय.